'जी' आणि 'सी'च्या मध्ये

बिबवेवाडीत प्रेमलाबाईंचं फॉल-पिकोचं दुकान आहे. एवढंसं, की दोन गिऱ्हाइकं आत आली तर तिसऱ्याने रस्त्यावरच उभं राहावं. तीस वर्षं मशीन चालवून बाईंची बोटं अशी तयार झालेली, की कापड सरकायच्या आत बोट तिथे हजर. जीभही सुईसारखीच. उद्या साडी मिळेल का, असं कुणी विचारलं तर आधी आज द्या, म्हणायच्या.

त्यांचे यजमान जयसिंगराव मार्केट यार्डात कांद्याच्या गाळ्यावर तोलणार म्हणून कामाला होते. लेकीने, शेफालीने, हट्टाने घेतलेली गिटार दोन महिन्यांत कपाटावर टाकली आणि पन्नाशीच्या या गृहस्थांनी ती खाली काढली. मोबाईलवर बघून बघून एकच गाणं शिकले, तीन कॉर्डचं, शाळेच्या प्रार्थनेइतकं सोपं. पण पोती ओढून राठ झालेली बोटं ती. 'जी' कॉर्डवरून 'सी' कॉर्डवर जाताना गाणं ठप्प. एक बोट बसायचं, मग दुसरं, मग तिसरं. तोवर जयसिंगराव ओठ मिटून तारांकडे बघत राहायचे. बाई स्वयंपाकघरातून विचारायच्या, "अहो, सिग्नल सुटला का?" रेकॉर्डिंग मात्र जयसिंगरावांनी कधी करू दिलं नाही. नीट जमलं की करू, म्हणायचे. ते जमायच्या आतच, मागच्या दिवाळीनंतर, गाळ्यावर छातीत कळ आली आणि सगळं आटोपलं.

सहा महिन्यांनी बाई गिटार घेऊन ऋतुजाच्या क्लासला गेल्या. ही गल्लीतलीच मुलगी, साड्यांना फॉल लावायला यांच्याकडेच यायची. एकच गाणं शिकव, बाकी काही नको, असं तिला सांगितलं. लोक म्हणाले, बरं झालं, विरंगुळा लागला. विरंगुळा कुणाला हवा होता? बाईंना नवऱ्याचं वाजवणं एकदा पुन्हा ऐकायचं होतं.

आणि ते ऐकू आलं. दुसऱ्या महिन्यात गाणं बसत आलं, तेव्हा बाईंचा हात नेमका तिथेच अडला. 'जी' संपला, 'सी' येईना, आणि त्या मधल्या शांततेत जयसिंगराव शेजारी बसलेत असं त्यांना स्वच्छ जाणवलं. मग दुकान बंद केलं की त्या रोज वाजवायच्या, रोज अडायच्या आणि त्यांना बरं वाटायचं. ऋतुजा बिचारी समजायची, काकूंचं इथेच घोडं अडतंय. ती जीव तोडून शिकवायची, आधी अनामिका टाका, बाकीची मागून येतात.

शेवटी शिवणकामातली बोटं ती, शिकली. एका गुरुवारी हात 'सी'वर कधी गेला ते बाईंना कळलंही नाही. ऋतुजाने टाळ्या वाजवल्या. घरी येऊन बाईंनी तिथे मुद्दाम थांबून पाहिलं, पुन्हा पुन्हा पाहिलं. पण मुद्दाम थांबण्यात कुणीच नव्हतं.

रविवारी नाशिकहून शेफालीचा फोन आला. तिने फारच हट्ट धरला म्हणून बाईंनी फोन समोर ठेवून गाणं वाजवलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, कुठेही न अडता. मग ती म्हणाली, "आई, किती छान. बाबांना शेवटपर्यंत नाही जमलं ना असं?"

"नाही जमलं," बाई म्हणाल्या. "त्यांचं होतं ते मी दुरुस्त करून टाकलं गं."

आणि जयसिंगराव गेल्यापासून पहिल्यांदा त्या लेकीला ऐकू जाईल अशा रडल्या.