शिक्का देव्हाऱ्याच्या खणात होता

माझी धाकटी जाऊ सरपंच झाली त्या दिवशी गावानं हार तिच्या गळ्यात घातला आणि पेढा माझ्या दिराच्या तोंडात कोंबला. जागा बायकांसाठी राखीव निघाली होती म्हणून उभी तिला केली. कारभार तोच बघणार, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं. लोक त्यालाच रस्त्यात 'काय सरपंच!' म्हणून हाक मारायचे आणि मेला तोही ओ द्यायचा.

पण आमची जाऊ काही मेणाची बाहुली नव्हती. पहिल्या महिन्यात दीर तिचा शिक्का खिशात घालून फिरत होता. चहाच्या टपरीवर बसून कागदांवर ठप्पे मारत होता. तिला कळलं तशी तिनं रात्रीच्या जेवणाला त्याच्या ताटात भात वाढला, आमटी वाढली आणि म्हणाली, "शिक्का ताटाशेजारी ठेवा, मग हात लावा जेवणाला." त्यानं ठेवला. दुसऱ्या दिवसापासून शिक्का देव्हाऱ्याच्या खणात गेला.

हा खण म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्या घरात कुळदेवीचे टाक, चांदीचा मुखवटा, नथ हे सगळं देव्हाऱ्याखालच्या खणात असतं. त्याची चावी सुनेच्या कमरेला. घरच्या पुरुषांनी तो खण उघडायचा नाही, ही सासूबाईंनी घालून दिलेली रीत. का, ते कुणी विचारलं नाही; पण आजवर कुणी मोडलीही नाही. सासूबाईंच्या मागे चावी थोरली म्हणून माझ्याकडे आली, आणि माझे यजमान गेले तेव्हा मीच ती जावेच्या हातात दिली. घर एकच, चुली दोन. देव्हारा तिच्या बाजूला.

मी अंगणवाडी सेविका. पोरांची वजनं घ्यायची, खिचडी शिजवून घ्यायची, रजिस्टरं भरायची. यजमानांच्या मागे त्या मानधनावर एकुलत्या पोरीला शिकवली. पोरगी मुंबईत नोकरीला. महिन्यातनं एकदा बोटीनं मांडव्याच्या धक्क्यावर उतरायची, तिथनं एसटीनं घरी, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा धक्क्यावर. पोरीला पोहोचवून परत येताना माझा जीव नुसता खाली-वर व्हायचा. हे सांगते कारण पुढे जे झालं त्याचं मूळ इथंच आहे. माझी बाजू सावरायला नाही सांगत.

जूनमध्ये श्रीवर्धनकडून फोन आला, जावेचे वडील वारले. ती उभ्या उभ्या निघाली, दीरही बरोबर गेला. निघताना तिनं दोन गोष्टी केल्या. पोरांच्या ॲडमिशनचे दिवस होते, रोज कुणी ना कुणी रहिवासी दाखल्याला दारात यायचं, म्हणून तिनं पाच कोऱ्या लेटरहेडांवर सह्या करून खणात ठेवल्या. आणि कमरेची चावी काढून माझ्या हातात दिली.

मी म्हटलं, "अगं, मी कशी? सवाष्णीच्या हातची चावी ती."

"रीत गेली खड्ड्यात, ताई. पोरांचे दाखले अडायला नकोत. ग्रामसेवकाकडून मजकूर भरून घ्या नि शिक्का मारा. दुसऱ्या कोणाच्या हातात देऊ नका."

कोऱ्या कागदावर सही करू नये हे शेंबड्या पोरालाही कळतं. तिलाही कळत होतं. पण गावात आठवडाभर सरपंच नसला तर पोराचा प्रवेश हुकतो, हेही तिला कळत होतं. आमच्याकडे चुका अशाच होतात, दुसऱ्याची अडचण नको म्हणून.

तिसऱ्या दिवशी दीर सासुरवाडीहून एकटाच परत आला. "वयनी, एक लेटरहेड द्या. वरच्या आळीतल्या पोराला दाखला हवाय." मी दिलं. दुपारी तो कागद टाईप करून घेऊन आला आणि पडवीत उभा राहिला. आत येऊन खणाला हात घालायची त्याचीही छाती झाली नाही.

"मारा शिक्का."

मी चष्मा लावला. अंगणवाडीची बाई मी, कागद दिसला की वाचल्याशिवाय हात चालत नाही. दाखला नव्हता तो. खाडीकडेच्या मोकळ्या जागेला कुंपण घालायला पंचायतीची हरकत नाही, असं लिहिलेलं. ती जागा म्हणजे खालच्या वाडीतल्या बायकांची. पिढ्यान्‌पिढ्या तिथं त्या सुकट, बोंबील वाळवतात.

"हे काय आहे रे?"

"बंगल्यांची स्कीम येतेय. मोठी पार्टी हाय, ऑफिस टाकणार हायत इथंच." आणि मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "तुमची पोर शिकलेली. मी बोललोय त्यांच्याशी. घरात राहून नोकरी, वयनी. मांडव्याला खेपा घालायला नकोत."

मी विचारलं, "तिला माहीत आहे का?"

"तिच्या बापाचं दिवसकार्य चाललंय. आल्यावर सांगतो मी."

मी आत गेले. खण उघडला. शिक्का शाईच्या गादीवर दाबला आणि सहीखाली मारला. माझ्या हातानं मारला. मग देवापुढे निरांजन लावलं, वर तेही.

तेराव्यानंतर जाऊ आली. चावी मी तिच्या हातात दिली. तिनं लेटरहेडं मोजली; पाचातलं एकच उरलं होतं. तीन दाखल्यांना गेली होती, तेवढं सांगितलं. चौथं? 'शाई सांडली, फाडून टाकलं,' मी म्हणाले. इतकं सरळ बोलले की मलाच खरं वाटलं. दिरानं तिला सांगितलं नाही. मीही नाही. रोज ठरवायचे, आज सांगू. आणि रोज पोरीचा फोन यायचा.

पावसाळा सरला आणि खाडीकडे जेसीबी आला. दोन दिवसांत निळे पत्रे ठोकले. तिसऱ्या दिवशी सकाळी खालच्या वाडीतल्या बायका आमच्या अंगणात. टोपल्या, सुपं घेऊन आलेल्या आणि त्यातली ओली सुकट त्यांनी आमच्या अंगणात, तुळशीपासून पायरीपर्यंत पसरली.

"आता हितंच वालवतू," त्यातली एक म्हातारी म्हणाली. "जागा इकलीस ना आमची? मग तुजं अंगान दे."

जाऊ पायरीवर उभी. "कोणी विकली? मला काहीच माहीत न्हाय, मावशे."

मग एका पोरीनं मोबाईल पुढे केला. त्यावर त्या कागदाचा फोटो. गावाच्या ग्रुपवर सकाळपासून फिरत होता. खाली तिची सही, सहीखाली शिक्का. जावेनं तो फोटो बोटांनी मोठा करून पाहिला, लहान केला, पुन्हा मोठा केला. म्हातारी थुंकली. "कुंपनच श्यात खातंय. आनि म्हने म्हाईत न्हाय!"

त्या बायका गेल्यावर जाऊ सरळ माझ्या चुलीपाशी आली.

"ताई, खण कोणी उघडलान?"

मी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. म्हटलं, "मीच. तुझ्या नवऱ्यानं कागद मागितला. रहिवासी दाखला म्हणाला."

"आणि शाई सांडली, ते?"

"नंतर मला भीती वाटली गं. म्हणून."

अर्धं खरं सांगितलं की खोटं पचायला सोपं जातं. तिनं माझ्याकडे पाहिलं, मान हलवली, आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. तिनं मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

दीर तोवर मुंबईला गेलेला. फोन बंद. नंतर कळलं, तालुक्याच्या कचेरीत जाऊन तो जबाब लिहून देऊन आला होता : जे केलं ते सरपंचांच्या सांगण्यावरून, त्यांना सगळं ठाऊक होतं. स्वतःच्या बायकोबद्दल! ज्या तोंडानं पेढा खाल्लान त्याच तोंडानं.

मग पंधरा दिवस गावात एकच विषय. दुकानात, एसटीच्या थांब्यावर, माझ्या अंगणवाडीच्या दारात. बायका पोरांना सोडायला यायच्या आणि जायचं नाव घ्यायच्या नाहीत. "बाई, तुम्ही तर एका घरातल्या. खरं सांगा, होतं ना तिला माहीत?" "नवरा काय करतो ते बायकोला कळत न्हाय व्हय?" "नवीन फ्रीज आला तेव्हा विचारलं नसेल, कुठनं आला?" विचारलं होतं तिनं. मी ऐकलं होतं भिंतीपलीकडून. तो हसला होता, ठेकेदारीचं काम मिळालंय म्हणाला होता, आणि तिनं पुढे काही विचारलं नव्हतं. एवढं मला माहीत होतं. पण मी सगळ्यांना एकच सांगायचे, "मला काय ठाऊक, बाई." आणि घरी येऊन तिच्यासोबत चहा प्यायचे. ती म्हणायची, "ताई, पद गेलं तर जाऊदे. पण त्या बायकांनी मला चोर म्हणून थुंकावं, हे मला मरेस्तवर पचणार न्हाय." झोप उडाली होती तिची. डोळ्यांखाली काळं आलेलं. पद जाणार हे जवळजवळ ठरलेलंच होतं, चौकशीत 'माहीत होतं' असं एकदा लिहिलं गेलं की संपलं.

चौकशीला तालुक्याहून विस्तार अधिकारी आले. पंचायतीच्या खोलीत टेबल मांडलं. एकेकाला आत बोलवत होते, बाकीचे पडवीत बाकांवर. दार उघडंच, पंखा चालत नव्हता म्हणून. खालच्या वाडीतल्या सगळ्या बायका वळचणीला बसलेल्या. जाऊ आत जाऊन आली, माझ्या शेजारी बसली. मग माझा पुकारा झाला.

साहेब तरुणच होते, सौम्य. त्यांनी कागद उलटला. "सरपंच मॅडमनी जबाबात लिहून दिलंय की शिक्का आणि खणाची चावी त्या काळात त्यांच्याकडेच होती. घरातल्या दुसऱ्या कुणाचा त्याच्याशी संबंध नाही."

तिनं मला त्यातनं बाहेर काढलं होतं. माझी नोकरी जाऊ नये, माझ्यामागे पोरीचं कसं व्हायचं, म्हणून तिनं धडधडीत खोटं लिहून दिलं होतं आणि त्या खोट्यानं स्वतःच्याच गळ्याला फास लावून घेतला होता. चावी तिच्याकडे, तर शिक्का तिचाच. शिक्का तिचा, तर तिला माहीत होतं. दोन ओळींचा हिशोब.

साहेब म्हणाले, "तुम्हाला फक्त एकच विचारायचंय. तुम्ही एका घरात राहता. या कागदाबद्दल त्यांना माहीत होतं का?"

'ठाऊक नाही' म्हटलं की झालं. उठायचं, सही करायची, घरी. कुणी मला पुढे एक शब्द विचारला नसता. माझ्या जिभेवर ते आलंही होतं.

"नव्हतं माहीत," मी म्हटलं.

त्यांनी लेखणी थांबवली. "हे तुम्ही खात्रीनं कसं सांगता?"

वळचणीला कुणाचं तरी पोर रडत होतं, त्याला कुणीतरी उगी केलं.

"ती इथं नव्हतीच. बापाच्या दिवसकार्याला गेली होती. चावी माझ्याकडे होती. तिनं लिहिलंय ते माझ्यासाठी लिहिलंय, खोटं आहे. शिक्का मी मारला."

"दिरांनी तुम्हाला फसवून मारून घेतला?"

बघा, त्या माणसानं स्वतःहून मला दार उघडून दिलं. अजूनही सुटता आलं असतं. फसवली गेलेली विधवा, कोण बोलणार तिला? पण मागे बाकावर ती बसलेली होती आणि एकेक शब्द तिला ऐकू जात होता.

"नाही. फसवलं नाही. मी कागद वाचला होता. कळला होता. माझ्या पोरीला तिथं नोकरी देतो म्हणाला, म्हणून मारला."

माझा आवाज मलाच कुणा परक्या बाईचा वाटला. साहेबांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं, मला वाचून दाखवलं. मी सही केली.

बाहेर आले तर खालच्या वाडीतली ती म्हातारी उठून जावेजवळ गेली होती. पदर सावरून तिच्यासमोर उभी राहिली. जाऊ तिच्याकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

घराकडे निघालो. ती पुढे, मी चार पावलं मागे. मी मनात माफीची वाक्यं जुळवत होते, एकही धड होईना. आमच्या सुपारीच्या वाडीपाशी आल्यावर ती थांबली. मला वाटलं, आता तोंड सोडेल. मी म्हटलं, "तुझ्या नवऱ्यानं..."

"त्याचं नाव नका काढू." ती रडत नव्हती. "त्याला मी लग्नापासून ओळखून हाय. तो विकेल, हे मला माहीतच होतं, ताई. म्हणून तर चावी तुमच्याकडं दिली होती."