नावाडीण काय करेल

मिस्त्री लिफ्ट दुरुस्त करायचा. शहरातल्या निम्म्या इमारतींच्या लिफ्ट त्याच्या हाताखालून गेलेल्या. लिफ्ट अडकली की आतली माणसं घामाघूम होऊन दारावर थापा मारायची आणि हा बाबा बाहेरून शांतपणे सांगायचा, "घाबरू नका, वर नाहीतर खाली, कुठेतरी काढतोच तुम्हाला." कामाला वाघ, पण बोलायला अगदी कोरडा. घरी आला की हातपाय धुवायचे, जेवायचं, बातम्या लावायच्या आणि बायको काही सांगू लागली की 'हं, हं' करत मान हलवायची. तो 'हं' इतका नेमका पडायचा की नवरा ऐकतोय असं त्या बाईला बरीच वर्षं वाटत होतं.

बायको मोठ्या रुग्णालयात चौकशीच्या खिडकीत बसायची. तिला तिथे सगळे चौकशीबाईच म्हणायचे, आपणही तेच म्हणू. दिवसभर काचेच्या भोकापाशी तोंडं यायची. रक्त कुठे द्यायचं, हाडांचे डॉक्टर कधी येतात, आमचा पेशंट कुठे हलवला. ती प्रत्येकाला उत्तर द्यायची, कुणी अंगावर आलं तरी आवाज चढू द्यायची नाही. तिला उलटून कुणी काही विचारायचं नाही. लोकांचं तरी काय चुकलं म्हणा, तिथे येणाऱ्याचा जीव आधीच टांगणीला लागलेला असतो.

मुलगा नोकरीसाठी दूर गेला तेव्हा गेम खेळायचं यंत्र घरीच टाकून गेला. पहिले काही दिवस ती नुसती त्याच्यावरची धूळ पुसायची. मग मुलानं फोनवर चालू कसं करायचं ते शिकवलं आणि बाई बघता बघता त्यात रमली. खालच्या मजल्यावर मिस्त्रीची मोठी बहीण राहायची, आक्का. तिनं नाक मुरडलं. "या वयात हे काय खूळ? कुणी ऐकलं तर हसतील." चौकशीबाई म्हणाली, "आक्का, तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत तर कोण ऐकणार?" आक्का पुढे चार दिवस जिना चढल्या नाहीत.

गेम होता एका नदीकाठच्या मुलखाचा. गावं, डोंगर, सैनिकांच्या चौक्या, घाटात एक भलंमोठं अस्वल. सुरुवातीला विचारतात, तू कोण होणार? योद्धा, जादूगार, शिकारी, अशी मोठी यादी असते. चौकशीबाईनं त्या यादीत अगदी तळाला असलेली नावाडीण निवडली. ठिगळाचा डगला घालायचा, जुनी नाव वल्हवायची, लोकांना ह्या काठावरून त्या काठावर सोडायचं. लढाई आली की पळ काढायचा. पलीकडच्या गावात एक आंधळी म्हातारी होती, तिच्या ओट्यावर जाऊन बसायचं आणि तिच्या गप्पा ऐकायच्या. त्या गप्पांतून मिळायचं काहीच नाही, पण बाई रोज जायची.

एकदा ती मुलाशी फोनवर बोलत असताना मिस्त्रीनं मध्येच तोंड घातलं. "इतके दिवस खेळतेयस आणि अजून खालच्याच लेव्हलला? तलवार नाही, चिलखत नाही, अस्वल दिसलं की डोंगराला वळसा. हा कसला गेम म्हणायचा?"

"रोल-प्लेइंग गेम म्हणतात ह्याला."

"मग त्यात लेव्हल असतातच की. पोरगा खेळायचा तेव्हा बघितलंय मी. आकडे वाढतात, हत्यार मिळतं, पुढे जायचं."

"आकडे हल्ली गाड्यांच्या गेममध्येही असतात हो. आकड्यांनी काही होत नाही. इथे आधी ठरवायचं, आपण कोण. मी नावाडीण आहे ना, मग दर वेळी नावाडीण काय करेल तेच करायचं, माझा तोटा झाला तरी. आणि मी जे केलं ते गावानं लक्षात ठेवायला हवं. तोंडदेखलं हो का नाही विचारलं आणि पुढे सगळं तेच घडलं, तर तो गेम खोटा."

"आणि चुकलं तर? मागचं सेव्ह केलेलं उघडायचं असेल."

"मी मागचं ठेवतच नाही. एकच सेव्ह. चुकलं तर चुकलं. मागे जाऊन दुरुस्त करत बसले तर ती जगली कधी?"

मिस्त्री 'हं' म्हणाला. ती फोनमध्ये मुलाला म्हणाली, "लिफ्टवाल्याला वर जाण्याशिवाय दुसरं काय कळणार?" आणि मायलेकरं पोट धरून हसली.

मग तिचं पोट दुखायला लागलं. आधी अंगावर काढलं, मग तपासण्या झाल्या, आणि ज्या रुग्णालयात ती खिडकीत बसायची तिथेच वरच्या मजल्यावर तिला खाट मिळाली. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी मिस्त्रीला बाजूला घेऊन सांगितलं की आता फार दिवस हातात नाहीत. जरा सावरल्या की घरी न्या, त्यांना जे आवडतं ते करू द्या. मिस्त्रीच्या मनात पुन्हा पुन्हा एकच विचार येत होता. तिला काय आवडतं? तेव्हा त्याला तो गेम आठवला.

दुपारी वॉर्डातून भेटायला आलेल्यांना बाहेर काढायचे. त्या वेळात तो घरी यायचा आणि टीव्हीसमोर बसायचा. पहिल्यांदा कंट्रोलर हातात धरला तेव्हा त्याला बटणं सापडेनात. पण गडी चिकाटीचा. मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकला, कुठे काय मारलं की लेव्हल चढते, कुठलं चिलखत कुठे दडवलंय. मुलाला विचारलं नाही, कारण त्यालाही चकित करायचं होतं. मनात एकच होतं. ती घरी आली की बघेल, तिची नावाडीण आता कुणाला घाबरत नाही. निदान तिथे तरी ती धडधाकट असेल.

त्यानं अस्वल मारलं. चौकीवरचे सैनिक मारले, त्यांची कोठारं फोडली. ठिगळाचा डगला टाकून लोखंडी चिलखत चढवलं. मध्ये मध्ये गावातली माणसं काही बोलू लागायची. बोलण्यात वेळ जातो, म्हणून तो बटण दाबून त्यांचं बोलणं पुढे ढकलायचा. शेवटी ती जुनी नावसुद्धा विकली आणि घोडा घेतला. गेम आपोआप सेव्ह होत होता, त्याच एका जागी. लेव्हल अशी चढत होती की मिस्त्रीच्या तोंडावर कित्येक दिवसांनी हसू आलं. माणूस वाईट नव्हता हो. जन्मात पहिल्यांदा बायकोसाठी काहीतरी करायला बसला होता आणि बिचाऱ्यानं सगळा घोळ करून ठेवला.

ती घरी आली. खोलीतली खाट त्यानं टीव्हीसमोर ओढून ठेवली होती. पाठीशी उशा दिल्या, कंट्रोलर हातात ठेवला आणि म्हणाला, "बघ तरी काय केलंय."

ती बघत राहिली. लोखंडात मढलेली कुणी बाई घोड्यावर बसलेली. ती तिला घेऊन गावात शिरली. ओट्यांवरची माणसं उठून आत पळाली, खिडक्या लागल्या. ती म्हातारीच्या घरी गेली. आंधळी म्हातारी टापांचा आवाज ऐकून भिंतीला चिकटली आणि म्हणाली, "जे हवं ते घेऊन जा, फक्त मला मारू नका."

चौकशीबाईनं कंट्रोलर मांडीवर ठेवला. "अहो, नाव कुठंय?"

"विकली. घोडा पळतो चांगला."

"बरं," ती म्हणाली. मिस्त्री वाट बघत होता. ती पुढे म्हणाली, "तुम्ही माझ्यासाठीच केलंत, कळतंय मला. पण ही ती नाही. माझी तेवढी एकच जागा होती." मग तिनं तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते. टाक्यांवर ताण पडेल म्हणून ती रडूही धड शकत नव्हती. त्या क्षणी जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं मिस्त्रीला वाटलं. कुठल्याही लिफ्टचा बिघाड काढणाऱ्या माणसाला हा बिघाड काढता येईना.

दुसऱ्या दिवशी त्यानं सकाळीच यंत्र चालू केलं, नवा गेम उघडला, यादीच्या तळाला जाऊन नावाडीण निवडली आणि खाटेजवळ खुर्ची घेऊन बसला. "मी बटणं दाबतो. ती काय करते ते तू सांग. होती तशी आणू तिला परत."

"वेळ लागेल हो." इतकंच म्हणाली ती. तो वेळ आहे का हे दोघांनीही विचारलं नाही.

मग रोज सकाळी त्यांचं तेच चालायचं. सुरुवातीला मिस्त्रीचा अंगठा सवयीनं त्या बटणावर जायचा. ती म्हणायची, "थांबा, म्हातारी बोलतेय." तो थांबायचा. म्हातारी तिच्या मेलेल्या बहिणीबद्दल सांगायची, हा सगळं ऐकायचा. एका पळून आलेल्या सुताराला नावेच्या तळाशी झोपवून तिनं सैनिकांना बेधडक थाप मारली, तेव्हा तो बघतच राहिला. "तुला असं खोटं बोलता येतं?"

"खिडकीत बसून शिकले. पोरगा शेवटच्या घटका मोजत असतो आणि आई विचारते, बरा होईल ना."

एकदा एक नवरी मांडवातून पळून आली. मला पलीकडे सोड, म्हणाली. नाव नदीच्या मध्यावर आली आणि ती पोर रडायला लागली. मिस्त्री पुढे वल्हवणार तेवढ्यात चौकशीबाई म्हणाली, "मागे फिरवा."

"अगं, तिला जायचंय."

"माहितेय. पण मी तेव्हा परत नेलं होतं. गाववाले काय म्हणतील म्हणून नावाडीण घाबरली. नंतर फार वाईट वाटलं तिला. पण केलं ते केलं. फिरवा."

"तू कुठे एवढी भित्री आहेस?"

ती त्याच्याकडे बघून हसली. "तुम्ही कधी विचारलंत?"

मिस्त्रीला तोंडात मारल्यासारखं झालं. त्यानं नाव फिरवली. त्या दिवसानंतर तो विचारायला लागला. गेमचं विचारता विचारता मधूनच दुसरंही विचारायचा. लग्न ठरलं तेव्हा तुला मी पसंत होतो का? सुरुवातीला आक्का बोलायच्या तेव्हा गप्प का बसायचीस? ती दमेपर्यंत सांगायची. काही गोष्टी ऐकून त्याचं काळीज चिरत गेलं, तरी तो हललादेखील नाही. एवढं चांगलं माणूस घरात असताना आपण कसल्या बातम्या बघत बसलो, असं त्याला वाटायचं आणि स्वतःचीच चीड यायची. संसार खऱ्या अर्थानं चालू झाला म्हणायचा तो त्या खाटेपाशी, आणि तिचं अंग तर रोज थोडं थोडं आटत होतं.

पुढे तिचा आवाज बारीक झाला. मग ती नुसती मानेनं सांगायची. तेही अवघड झालं तेव्हा तो तिचा हात हातात घेऊन विचारायचा, पहिलं का दुसरं, आणि ती बोट दाबायची. ठिगळाचा डगला पुन्हा अंगावर आला होता, गावातली पोरं नावाडिणीला हाक मारायला लागली होती. "येत चाललीय बघ," तो म्हणायचा. तिनं एकदा डोळे उघडून स्क्रीनकडे पाहिलं आणि हलकंसं हसली. तिला ओळखू आली असावी.

ती गेली एका सकाळी, तो चहा ठेवायला उठला तेवढ्यात. मुलगा आला, खूप रडला आणि नोकरीवर परत गेला. आक्का रोज वर यायला लागल्या, जेवण आणायच्या, आणि टीव्हीखालच्या यंत्राकडे बघून म्हणायच्या, "हे कुणाला तरी देऊन टाक रे, नाहीतर तुला सारखी तीच आठवत राहील." मिस्त्री म्हणाला, "मग आठवू दे की."

बरेच दिवस त्याला ते चालू करवेना. पण नावाडीण अर्ध्या वाटेत राहिली होती आणि परत आणतो असा शब्द त्यानं दिला होता. एका सुट्टीच्या सकाळी त्यानं खुर्ची रिकाम्या खाटेशेजारी ओढली आणि कंट्रोलर घेतला. त्यानं नाव वल्हवली, लोक उतरवले, कुणाचंही बोलणं मध्येच तोडलं नाही. नदीला एक वळण लागलं. तिथपर्यंत तो तिच्यासोबत कधी पोचला नव्हता. काठावर एक लहानसं घर होतं. घरातली बाई धक्क्यावर आली आणि म्हणाली, "दमलीस ग. इथे एक खोली रिकामी आहे. राहतेस, का जातेस पुढे?"

खाली दोन ओळी आल्या. राहते. जाते.

मिस्त्रीनं सवयीनं खाटेकडे हात नेला. मग हात मागे घेतला आणि मुलाला फोन लावला. मुलगा म्हणाला, "आई आधी खेळायची तेव्हा तिथवर गेली होती, बाबा. पण काय केलं ते मला बोलली नाही. तुम्हाला काय वाटतं?"

"सांगतो," म्हणून त्यानं फोन ठेवला आणि विचार करत बसला. नावाडीण भित्री, पुढे काय असेल ह्या भीतीनं राहिली असती. पण तिनं सुताराला लपवलं होतं, तिच्यात धाडस होतं, म्हणजे गेली असती. दमली होती, म्हणजे राहिली असती. की दुसऱ्याच्या घरात आयुष्यभर राहून कंटाळली होती, म्हणून गेली असती? एवढा संसार झाला, शेवटी शेवटी इतकं विचारून झालं, आणि आपली बायको राहिली असती का गेली असती हे त्याला सांगता येईना. हे तिला विचारायचं राहूनच गेलं होतं. आता तो मोठ्यानं रडायला लागला.

गेम थांबून होता. ती बाई धक्क्यावर तशीच उभी होती. शेवटी मिस्त्रीनं डोळे पुसले आणि 'राहते' दाबलं. नावाडिणीनं काय केलं असतं ते त्याला तेव्हाही ठाऊक नव्हतं. तिनं राहावं, असं त्याला वाटत होतं.