मास्तरांच्या पन्नास पिना

म्हात्रे मास्तर गेल्याची बातमी मला रेवसच्या धक्क्यावर कळली, तीही चार दिवसांनी. लाँचमधून उतरत होतो, तर आमच्या शाळेचा शिपाई म्हणाला, "मास्तर ग्येले... तुमाला ठावं न्हाय?" हातातली पिशवी घेऊन मी तिथंच उभा राहिलो.

अलिबागजवळच्या तंत्रशाळेत मास्तर लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावर, काम शिकवत आणि मी स्टोअर सांभाळत असे. लेथ दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला जुना, शाळेच्या गळ्यात पडलेला. परीक्षेत पोरांनी लोखंडी पिना कातायच्या. मापात दोन थाऊ, म्हणजे इंचाचे दोन हजारावे भाग, इकडंतिकडं चालत. त्याहून जास्त झालं की नापास, आणि मग मुंबईच्या कारखान्याचं दार बंद. आमची निम्मी पोरं तिथंच अडत. "आधी यंत्राची कुवत मोजा, मग पोराला नापास करा," असं मास्तर तावातावानं म्हणत. शेवटी त्यांनी हत्याराचं सेटिंग न बदलता पन्नास पिना स्वतः कातल्या, एकेक मायक्रोमीटरनं मोजून वहीत लिहिली आणि क्रमानं ट्रेमध्ये लावली. फरक पाच थाऊंपर्यंत जात होता, म्हणजे दोष लेथचाच. लेथ बदलून द्या, असा अर्ज गेला. मुंबईहून साहेब तपासायला येणार असं ठरलं.

इथं मी माती खाल्ली. मी कोळ्याच्या घरचा. पाटीत चकचकीत मासळी वर आणि नरम पडलेली खाली, हे लहानपणापासून बघितलेलं. साहेबांपुढं मास्तरांचं काम देखणं दिसावं म्हणून आदल्या संध्याकाळी मी मापाबाहेरच्या पिना काढल्या आणि स्टोअरमधल्या चांगल्या त्या जागी ठेवल्या. त्या चुकलेल्या पिना हाच मास्तरांचा पुरावा आहे, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नव्हतं.

साहेबांनी पिना मोजल्या. सगळ्या बरोबर! "मास्तर, लेथ उत्तम आहे. तुम्हीच मायक्रोमीटर धरायला शिका."

मास्तर पांढरेफटक पडले. "साहेब, तुमच्यासमोर परत कातून दाखवतो," म्हणाले, अक्षरशः हात जोडून. पण साहेबांना लाँच गाठायची होती... मी दाराशी उभा होतो, साहेबांना वाट द्यायला बाजूला सरलो. नंतर मास्तरांनी पुन्हा अर्ज केले. 'तपासणी झालेली आहे,' एवढंच उत्तर येई.

लेथ तिथंच राहिला. दर निकालाला मास्तर पोरांच्या बापांपुढं मान खाली घालून उभे राहत. आज सांगायचं, असं मी रोज ठरवी आणि नोकरीच्या भीतीनं गप्प बसे. दहा वर्षं अशी गेली. लिहितानाही शरम वाटते.

परवा त्यांच्या घरी गेलो आणि वहिनींना सगळं सांगून टाकलं. 

"त्यांना ठावं व्हतं, भावजी. त्याच दिशी घरी येऊन बोलले, त्या पिना माज्या न्हाईत."

"मग साहेबांना का नाही कळवलं?"

"तुमची नोकरी ग्येली असती ना." त्यांनी ओटीकडं बघितलं. "दर रविवारी तुमची खुर्ची मांडून बसायचे. आज येऊन सांगंल, म्हनायचे."

ओटीवर दोन खुर्च्या समोरासमोर होत्या. माझ्या खुर्चीवर बसायचं धाडस मला झालं नाही.