मनात पुसलेला हात

मायच्या उजव्या अंगाला लकवा मारला, त्याला दोन महिने झाले होते. पाय सावरला, हात राहिला. बाजारहत्नूरच्या बाजारात भाजी विकणारी माझी माय डाव्या हाताने जेवत होती. त्याची तिला इतकी लाज वाटे की कोणी आलं की ताट सरकवून द्यायची. उजव्या हाताने एक घास, एवढंच तिला हवं होतं.

आदिलाबादच्या फिजिओथेरपीच्या बाईंनी सांगितलं होतं, "हात हलत नसला तरी डोळे मिटून मनात हलवा. रोजचं, ओळखीचं काम करा." म्हणून माय रोज सकाळी मनात मेथीच्या जुड्या बांधायची.

"किती झाल्या?" मी विचारायची.

"वीस. थांब, सुतळी संपली."

हात मात्र गोधडीवर तसाच पडलेला.

मग एका रविवारी मामा लकव्यावरचा इलाज म्हणून कबूतर घेऊन आले. दारातच कापलं आणि गरम रक्त मायच्या हाताला खांद्यापासून बोटांपर्यंत चोळलं. "सकाळपर्यंत धुवायचं नाही, बाई. डावा हातही लावू नको."

मला त्यांना थांबवायचं होतं. आदिलाबादला आपल्या घरी ठेवून मला पदवीपर्यंत शिकवलं ते याच मामांनी. त्यांच्यापुढे तोंड कसं उघडणार? दुपारी रक्त वाळून बोटांच्या बेचक्यांत काळं झालं, माश्या घोंगावू लागल्या. त्या वासाने मला घास उतरेना. त्याहून जास्त किळस माझ्या गप्प बसण्याची येत होती.

संध्याकाळी मायचा अंगठा हलला. किंचितच, पण दोनदा.

"पाह्यलं? कबुतराचा गुण!" मामा ओरडले. "पुढच्या रविवारी आणखी एक आणतो."

"कबूतर कायचं, दादा?" माय म्हणाली. "दुपारपासून मी मनात हा हात पदराला पुसून राह्यली होती."

"मनात पुसून लकवा जाते का कुठं!" मामा हसत शेजारी सांगायला गेले.

रविवारी ते आले तेव्हा हातातली पिशवी हलत होती. मी दारात उभी राहिले.

"आता नको, मामा."

"काऊन? लय शिकली म्हणून?"

"तुमीच शिकवलं."

ते रागाने बाहेर ओट्यावर बसले. चहाही घेतला नाही. मी आत मायपुढे ताट ठेवलं. अंगठा आता थोडा आत वळत होता.

"डोळे मिट. घास उचल मनात."

तिने हाताकडे पाहिलं. आठवडाभर धुऊनही नखांच्या कडांना काळी रेघ होती.

"आधी नखं काढ," ती म्हणाली. "या हातानं मी मनातबी जेवणार नाही."