हाताला शिकवलेली घडी

माझे भाऊजी हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालतात. तिथे सगळे त्यांना घडीमास्तर म्हणतात, आणि चिडली की माझी ताईसुद्धा. बावीस वर्षं तेच काम. गप्पा मारता मारता त्यांचे हात चारी टोकं जुळवून मोकळे होतात. ‘हाताला शिकवलं की डोक्याला ताप नाही,’ असं ते म्हणायचे. हे वाक्य मला फार आवडायचं. आता ते आठवायलाही नको वाटतं.

हॉस्पिटल नदीपलीकडे. सात दहाची लाँच चुकली की पुढची पन्नास मिनिटांनी, आणि उशिरा येणाऱ्याला मुकादम वाफेच्या बाजूला उभं करतो. भाऊजींना दमा. म्हणून त्यांनी घडीची सायकल घेतली. पण लाँचच्या धक्क्यावर, फाटकावरचा माणूस पूर्ण घडी झाल्याशिवाय सायकल आत सोडत नाही, आणि लाँचचा भोंगा वाजला की सरळ फाटक लावून घेतो.

पहिल्या दिवशी घडीला एकतीस सेकंद लागले, वर पेडलने नडगी सोलली ती वेगळीच. मग एक रविवार आम्ही माझ्या वर्कशॉपमध्ये घालवला. सीट आधी की हँडल आधी, असे सगळे प्रकार झाले. शेवटी मधली बिजागरी आधी, मग हँडल, सीट सगळ्यात शेवटी, हा क्रम बसला. मी मोबाइलवर वेळ लावली होती. चौदा सेकंद.

“अजून थोडे कमी कर ना,” भाऊजी म्हणाले.

इथे मी अक्कल पाजळली. बिजागरीला आवळून धरणारा एक लिव्हर असतो, आणि तो चुकून उघडू नये म्हणून त्यावर एक खटका. “खटका धक्क्याच्या उतारावरच उघडून ठेवा,” मी म्हटलं, “त्या पिवळ्या खांबापाशी. लिव्हर काय, बंदच असेल.” मी वेल्डर माणूस. खटका कशासाठी असतो हे मला नाही कळणार तर कुणाला? पण नऊ सेकंद आले आणि आम्ही दोघंही हुरळून गेलो.

तीन महिन्यांनी मी त्याच लाँचला निघालो होतो. भाऊजी माझ्यापुढे सायकलवर. पिवळा खांब आला आणि त्यांचा उजवा हात खाली गेला. खटका उघडला, आणि मागोमाग लिव्हरही. चालत्या सायकलचे दोन भाग फक्त त्यांच्या वजनाने एकत्र राहिले होते.

“लिव्हर वरच का उघडलात?” मी खाली गाठून विचारलं.

“छे, खाली आल्यावर उघडला की.”

ते खोटं बोलत नव्हते. म्हणूनच मी त्याच संध्याकाळी ताईला सांगितलं.

ताईने त्यांना शपथ घातली आणि आठवण राहावी म्हणून लिव्हरला लाल चिंधी घट्ट बांधली. चौथ्या दिवशी ती चिंधी तिला त्यांच्या खिशात सापडली. नीट चौकोनी घडी घातलेली. कधी सोडली, हे त्यांना सांगता येईना.

पुढच्या रविवारी त्यांनी सहा वर्षांच्या लेकीला मागे बसवून नदीवर नेलं. उतार संपल्यावर ती म्हणाली, “बाबा, तू हे कशाला उघडलंस?”

तिला घरी सोडून ते तसेच माझ्याकडे आले, सायकल हातात धरून. चेहरा पांढराफटक.

“हे वेल्ड कर. कायमचं.”

“पण भाऊजी, तुम्ही नुसतं लक्ष ठेवलंत तर...”

“मी उघडत नाही रे. हात उघडतो.”

मी बिजागरी वेल्ड केली. त्या सायकलची आता कसलीच घडी होत नाही, ती घरीच उभी असते. भाऊजी अर्धा तास आधी निघतात आणि चालत जातात. सुटलो बुवा, असं आम्हाला वाटलं.

काल लेकीला दात दाखवायला पलीकडे न्यायचं होतं. भाऊजी, ती आणि मी, तिघंही उतारावरून चाललो होतो. त्या उताराला कठडा नाही, खाली थेट पाणी. भाऊजींनी तिचा हात उजव्या हातात घट्ट धरला होता. ती उड्या मारत हलणाऱ्या दाताबद्दल सांगत होती, ते हसत होते. पिवळा खांब आला. त्यांचा उजवा हात उघडला आणि खाली गेला.

पोर तशीच धावत सुटली. मी कसाबसा तिचा फ्रॉक पकडला तेव्हा पाणी चार पावलांवर होतं. तिला मी तसंच मागे ओढलं.

भाऊजी मागून रमतगमत आले. “अरे, तिला का ओढतोस? धरलाय ना मी तिचा हात.”

“नाही धरलास बाबा,” ती म्हणाली. “खांबापाशी सोडलास.”

त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. मग तो डाव्या हाताने मनगटापाशी आवळून धरला. “हिला तूच सांभाळ,” मला एवढंच म्हणाले, आणि पलीकडचा काठ येईपर्यंत ते मनगट त्यांनी सोडलं नाही.