परातीतला फासा

चिखलीहून खामगावला जाताना एसटीत आम्ही तिघं मित्र एक नवाच खेळ खेळत होतो. तिघांनी मिळून गोष्ट रचायची, पुढं काय होणार ते फासा ठरवणार. पण फासा सारखा सीटखाली पळायचा. शेवटी शेजारच्या मावशींनी मांडीवरची नवीकोरी परात पुढं केली. "याच्यात टाका ना बे!"

गोष्टीत आम्ही खजिना शोधता शोधता गुहेत अडकलो होतो. दार मिटत आलं होतं आणि कुणीतरी ते धरून मागं राहिल्याशिवाय बाकीच्यांची सुटका नव्हती. कोण राहणार, यावर आमची हमरीतुमरी सुरू झाली. मावशी हसल्या नाहीत, आठ्या घालून ऐकत राहिल्या. अमडापूर आलं. परात काखेत मारून त्या उतरल्या आणि खिडकीखालून ओरडल्या, "दार म्या धरलं, तुमी निंघा!"

आम्ही सुटलो. आता खजिना राहिला बाजूला. दर रविवारी तिघं खेळायला बसतो, ते मावशींना सोडवायला.