लखनौ नेमकं कुठलं?

ते प्रकरण आठवलं की आजही माझं डोकं गरगरतं. मी तेव्हा वरूडला ठाणेदार होतो. ऐन मे महिना. एक विधवा बाई ठाण्यात आली आणि उभ्यानंच म्हणाली, "साहेब, माह्या पोराले ऑस्ट्रेलियाले नेतो म्हने, अन् लखनौले नेऊन टाकलं!"

मुलाचा फोन आला होता, पण नंबर उमटलाच नव्हता. 'लखनौत आहे, बागेत काम करतो' म्हणाला, मग पत्ता नाही. परदेशाच्या नावाखाली पोरांना भलतीकडेच राबवतात, अशी खबर आमच्याकडे होतीच. पोराला पाठवणाऱ्या जठारपेठेतल्या एजंटला मी अकोल्याहून उचलून आणलं.

"सिडनीच्याच विमानात बसवलं साहेब, आईची आन!" तो रडकुंडीला आला. खोटारडा माणूस दर वेळी गोष्ट सुधारत नेतो. याची गोष्ट काही बदलेना. बाईही खरंच बोलत होती. मग खोटं कोण? मी पार चक्रावलो. शेवटी लखनौला पथक पाठवायचं ठरवलं.

निघण्याआधी बाईला पुन्हा विचारलं, "मावशी, तो आणखी काय बोलला?"

"थंडी लय हाय म्हने. बाजार कराले ऑरेंजले जातो म्हने."

मे महिन्यात लखनौला थंडी? आणि संत्र्यांच्या वरूडचं पोरगं संत्र्याला ऑरेंज कशाला म्हणेल? म्हणजे ते फळ नव्हतंच, गाव होतं. मोबाईलच्या नकाशात दोन्ही नावं टाकली. ऑस्ट्रेलियात ऑरेंज नावाचं शहर निघालं आणि त्याच्या शेजारी चिमुकलं लखनौ! एके काळी तिथं सोन्याच्या खाणी होत्या. आपल्या लखनौचं नाव इंग्रजांनी तिकडं नेऊन चिकटवलेलं. आणि त्या ऑरेंजात पिकतात सफरचंदं. आता बोला!

तिथल्या एका दुकानात फोन लावून निरोप ठेवला. संध्याकाळी स्वेटर घातलेला मुलगा पडद्यावर दिसला. त्याचा फोन फुटला होता, एवढंच. एजंटला चहा पाजून सोडलं.

"मावशी, कोणी फसवलं नाही. पोरगा सुखरूप आहे," मी खुशीत म्हणालो.

बाई हसली नाही. तिच्या पायाशी कपड्यांची पिशवी होती, भाकरीही बांधून आणलेली. "लखनौले तं तुमच्या पथकासंग मी आली असती, साहेब. आता तिथं कशी जाऊ?"

तपास लागला की प्रश्न मिटतो, असं मी तोवर समजत होतो. फाईलवर नेहमीचा शेरा मारला, 'सदर इसम मिळून आला'. कोणाला मिळून आला, ते मला अजून कळलेलं नाही.